पोती वाढली, शेती वाढली

२९ नोव्हेंबर २०२४. शेअर बाजार साडेतीनला उठला आणि चार वाजता सांख्यिकी कार्यालयाने जुलै-सप्टेंबर तिमाहीचा विकासदर जाहीर केला: ५.४ टक्के. जाणकारांचा अंदाज साडेसहाच्या आसपास होता. झालं, मुंबईत तोंडं उतरली. सटोडिये नुसता आकडा बघत नाहीत. अंदाज किती चुकला ते बघतात. दर फारच घसरला तर व्याज कमी होईल म्हणून काहीजण खूशही होतात. वाईट बातमीलाही गिऱ्हाईक असतंच.

त्याच आकड्यांत शेती मात्र ३.५ टक्के वाढलेली! गंगाखेडच्या मोंढ्यात ही वाढ शोधू नये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, आणि बाजार त्याच्याखाली. आडत्या मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडतो, "हवा आहे", म्हणजे ओल आहे, म्हणतो, भाव उतरला. अंदाजही त्याचाच, जाहीर करणाराही तोच.

सरकारने पुढे ५.४ चे ५.६ केले. शेतकऱ्याच्या हातातली विक्रीची पट्टी कोण सुधारून देतो? शिवाय विकासदर मोजतात स्थिर किमतींवर. म्हणजे भाव कितीही पडो, पोती वाढली की शेती वाढली. अभिनंदन!