‘डमी आउटपुट’ हे उत्तर नव्हे

लिनक्सवर आवाज बंद पडला की सेटिंगमध्ये दोन शब्द दिसतात : डमी आउटपुट. व्हिडिओ चालू, आवाजाची पट्टी शंभरावर, स्पीकर गप्प. काय बिघडलं, कुठे बिघडलं, आता करायचं काय, याबद्दल अवाक्षर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला. तेव्हापासून धडधाकट असूनही ‘जुने’ ठरलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेणारे माझ्या ओळखीतही वाढलेत. मला याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच या दोन शब्दांचा राग येतो. बिघाड सगळ्याच यंत्रांत होतात, त्याचं काही नाही. पण इथे बऱ्याचदा यंत्राला कारण ठाऊक असतं आणि समोर बसलेल्या माणसाला ते सांगितलं जात नाही.

उदाहरण घ्या. २०१९-२० नंतरच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतला माइक थेट चिपसेटमधल्या एका छोट्या प्रोसेसरला जोडलेला असतो. तो प्रोसेसर उठवायला ‘साउंड ओपन फर्मवेअर’ची, म्हणजे ‘सॉफ’ची, फाइल डिस्कवर असावी लागते. ती नसली तर साउंड कार्डची नोंदच होत नाही. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो आपल्या नोंदींमध्ये हे सरळ लिहितो : सॉफ फर्मवेअरची फाइल सापडत नाही, ती उतरवून घ्यावी लागेल. पुढे पत्ताही देतो. निदान झालं, औषध कुठल्या दुकानात मिळेल तेही लिहून दिलं. पण ही ओळ वाचायला टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ चालवावं लागतं. परवा पहिल्यांदा लिनक्स पाहिलेल्या माणसाने ते का करावं? त्याला दिसते फक्त सेटिंगची खिडकी. वरच्या थराला एकही कार्ड सापडलेलं नसतं, म्हणून गाणी वाजवणारे प्रोग्राम अडून बसू नयेत यासाठी एक खोटं कार्ड उभं केलेलं असतं. तेच हे डमी आउटपुट. प्रोग्रामची सोय झाली, माणसाची कोणी पाहिली नाही.

उपाय लिनक्सच्या आवृत्तीवर ठरतो : डेबियनवर ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ नावाचं पॅकेज, फेडोरावर ‘अल्सा-सॉफ-फर्मवेअर’. टाका, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. हे माहीत नसलेला माणूस मिळेल तो सल्ला ऐकतो. एक सल्ला हमखास मिळतो : साउंड ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये डिजिटल माइक शोधणं बंद करून टाका. त्याने जुना ड्रायव्हर कामाला लागतो आणि स्पीकर बोलतो. आतला माइक मात्र मरतो. ते कळतं ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी. सल्ला देणाऱ्याने ही किंमत आधी सांगायला हवी होती.

सल्ल्यांचा हा गोंधळ उगाच झालेला नाही. हन्नू साव्होलाइनेन यांनी १९९२च्या सुमाराला साउंड ब्लास्टरसाठी ड्रायव्हर लिहिला, त्यातून ओएसएस ही आवाजाची व्यवस्था आली. तिथे बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रामला वाजवता यायचं. यारोस्लाव किसेला यांचं अल्सा २००३च्या डिसेंबरमध्ये कर्नल २.६बरोबर मुख्य झालं. वरच्या मजल्यावर केडीई डेस्कटॉपचं आर्ट्स, गनोम डेस्कटॉपचं ईएसडी. मग लेनार्ट पोएटरिंग यांचं पल्सऑडिओ, जे फेडोराने २००७मध्ये आपलंसं केलं. आता विम टायमन्स यांचं पाइपवायर, फेडोरा ३४पासून, म्हणजे एप्रिल २०२१पासून. प्रत्येक बदलामागे खरी गरज होती आणि पाइपवायर तर उत्तमच आहे. पण प्रत्येक काळातले सल्ले तसेच शिल्लक राहिले. पल्सऑडिओ मुळापासून काढा, अमुक फाइलमध्ये तमुक ओळ घाला. २००९चा तोडगा आजच्या मशीनवर चालवला की चालू असलेलंही बंद पडतं. कोणी कमांड दिली तर आधी विचारावं, ही कुठल्या सालची?

वीज गेली की आपण आधी शेजाऱ्यांकडे दिवा आहे का ते बघतो, मग आपला फ्यूज. इथेही तोच क्रम धरावा. कर्नलला कार्ड दिसतंय का? टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ला कार्डांची यादी विचारली की कळतं. यादी रिकामी असेल तर वरच्या थरात कितीही खटपट केली तरी फुकट. खोट फर्मवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्या मशीनवर आणखी एक शक्यता असते : विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ मशीनला धड बंदच होऊ देत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

कार्ड दिसत असेल तर आवाज जातोय कुठे ते पाहा. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन कार्डं असतात, एक एचडीएमआयचं आणि एक स्पीकरचं. निवड पहिल्यावर पडली की आवाज इमानाने मॉनिटरकडे जातो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. ‘पाव्हूकंट्रोल’ हा प्रोग्राम उघडा. गाणं चालू असताना तिथली पट्टी नाचत असेल तर प्रोग्राम आवाज पाठवतोय, फक्त दार चुकलंय. कॉन्फिगरेशनच्या पानावर प्रोफाइल बदललं की काम झालं.

तरीही शांतता असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतात. पाइपवायर असलेल्या मशीनवर आधी बहुधा एकच पट्टी दिसते, आणि इथेच लोक परत फिरतात. एफ६ दाबून खरं कार्ड निवडलं की मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशी रांग उघडते. प्रत्येक पट्टीच्या पायाशी एक छोटी चौकट असते. तिच्यात दोन शून्यं असतील तर वाट मोकळी. इंग्रजी एम हे अक्षर दोनदा असेल तर बंद. बाणाने तिथे जायचं आणि एमचीच कळ दाबायची. अल्सा मुळात सगळं बंद ठेवूनच सुरू होतं, म्हणून हे बघावं लागतं. मग उजवीकडे सरकत जा. ‘ऑटो-म्यूट’ सापडेल. हेडफोन खुपसला की स्पीकर बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण जॅक झिजलेला असेल किंवा त्यात बॅगेतला कचरा अडकला असेल तर हेडफोन नसतानाही मशीनला तो आहे असं वाटतं आणि स्पीकर कायमचा बंद राहतो. हे डिसेबल केलं आणि स्पीकर बोलला, तर दोष सॉफ्टवेअरचा नव्हता.

आता लॅपटॉप बनवणाऱ्यांकडे वळतो. रिअलटेकच्या एकाच जातीच्या साउंड चिपला कंपन्या आपापल्या मर्जीने तारा जोडतात. कुठल्या पिनवर स्पीकर आणि कुठल्यावर माइक, ही माहिती बायोसमध्ये नीट भरलेली असायला हवी. पुष्कळदा ती चुकीची असते, कारण विंडोजचा ड्रायव्हर ती परस्पर दुरुस्त करून घेतो. म्हणून कर्नलमध्ये रिअलटेकसाठीची फाइल दहा हजार ओळींच्या पुढे गेली. तिचा मोठा भाग म्हणजे मॉडेलमागून मॉडेल : याच्यासाठी ही पिन अशी, त्याच्यासाठी ती तशी. सुसे कंपनीचे ताकाशी इवाई वर्षानुवर्षं हे सांभाळत आलेत. एखाद्या मॉडेलचा मालक आपल्या मशीनचा तपशील पाठवतो, एक ओळ वाढते आणि पुढच्या कर्नलमध्ये जगभरचे तसले लॅपटॉप बोलू लागतात. या कामाचे उपकार मोजता येणार नाहीत. पण तारा जोडणाऱ्या कंपनीला जे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, ते परक्या माणसांनी चाचपडत शोधून काढायचं, ही शुद्ध हेळसांड आहे.

आवाज नसला तर काय बिघडलं, असं ज्याला वाटतं त्याने अंध वापरकर्त्याचा विचार करावा. ओर्का हा लिनक्सवरचा स्क्रीन रीडर. ईस्पीक-एनजीच्या आवाजात तो मराठीही वाचून दाखवतो. कार्ड गप्प झालं की त्या माणसाचा पडदाच गेला. सेटिंगची खिडकी उघडून काय लिहिलंय ते बघा, असं त्याला सांगणार कसं? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत आणि ते निवेदनावरच चालतात. लॅबमध्ये आवाज नसेल तर मराठीतून शिकायला बसलेल्या मुलापुढे नुसती हलणारी इंग्रजी खिडकी उरते.

चालू कार्ड शोधायला यंत्रानेच मदत करणं जमतं, हे करून दाखवलेलं आहे, म्हणून माझा आग्रह. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीच्या मेनूवर एस आणि एंटर दाबलं की तो बोलायला लागतो. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर तो एकेका कार्डावर बोलून बघतो आणि सांगतो, ऐकू आलं की एंटर दाबा. कार्डाचं नाव माहीत नको, टर्मिनल नको, डोळेही नकोत. ही सोय रोजच्या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये पहिल्या ओळीत असायला हवी. त्याखाली कर्नलने लिहिलेलं कारण साध्या भाषेत हवं, मराठी डेस्कटॉपवर मराठीत : अमुक फाइल नाही, हे पॅकेज टाका. गनोम आणि केडीई दोघांकडेही हे करू शकणारी माणसं आहेत. नवं संशोधन लागत नाही, असलेली माहिती दोन मजले वर आणायची आहे.

तोवर शाळा-कॉलेजांत लिनक्स बसवणाऱ्यांनी एक करावं. मशीन सोपवण्याआधी ‘स्पीकर-टेस्ट’ चालवावी. तिला दोन चॅनल सांगितले की ती डावा आणि उजवा स्पीकर आळीपाळीने वाजवते. दोन्ही वाजले की माइकवर एक वाक्य रेकॉर्ड करून ऐकावं आणि मगच पुढच्या टेबलावर जावं.