पाच पाऊण पावणेचार

पंचमीला भरती किती वाजता?

वरळी कोळीवाड्यात एखाद्या जुन्या नाखव्याला विचारून पाहा. तो मोबाइल काढणार नाही. ‘पावणेचार,’ म्हणेल आणि हातातलं जाळं पुन्हा शिवायला घेईल. अष्टमीला? सहा. द्वादशीला? नऊ. हिशेब एका ओळीचा आहे: तिथीची पाऊणपट. पाच पाऊण पावणेचार, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, पाढा तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलाय.

त्याच आळीतून एक मूल दप्तर घेऊन शाळेत जातं. फळ्यावर ३/४ × ५ लिहिलेलं असतं. मूल अडतं. वरच्या तीनला पाचाने गुणतं, खालच्या चारलाही गुणतं आणि १५/२० लिहून मोकळं होतं. वहीवर लाल फुली येते. ‘अपूर्णांक कच्चे’ असा शेरा पडतो आणि तो दहावीपर्यंत पुसला जात नाही. फळ्यावरचं हे गणित तुझा आजा रोज करतो, याचंच उत्तर पावणेचार, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही.

ते सांगणं शाळेचं काम आहे. शाळा ते करत नाही, आणि यात चूक मुलाची नाही.

या पाऊणपटीत जरा खोल शिरू, कारण खरा खजिना तिथे आहे. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज थोडी उशिरा येते. तीस तिथींत मिळून ती पुरे २४ तास सरकते. २४ तासांची मिनिटं १४४०, त्यांना तिसाने भागा: ४८. म्हणजे दर तिथीला भरती ४८ मिनिटं पुढे जाते. पाऊण तास म्हणजे मात्र ४५ मिनिटं. कोळ्याचा पाढा दर तिथीला ३ मिनिटं कमी धरतो. पंधरवड्याच्या शेवटी ही तूट पाऊण तासाच्या घरात जाते. म्हणून पौर्णिमेला पाढा सांगतो सव्वाअकरा आणि दुसऱ्याच दिवशी, प्रतिपदेला, एकदम पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. पाढा साचलेली चूक एका दमात फेडून नव्याने सुरू होतो.

नेमका अपूर्णांक हवा असेल तर तो चार पंचमांश. ४८ मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश. पण चार पंचमांशांचा पाढा कोणाच्या तोंडात नव्हता, पाऊणकी होती. मला तरी वाटतं, होडी काढणाऱ्या माणसाने अचूक पण अवघड हिशेबापेक्षा तिथीमागे तीन मिनिटं चुकणारा, पण काळोखात, ओल्या हातांनी, कागदाशिवाय करता येणारा हिशेब जाणूनबुजून निवडला. कुठे किती चूक चालते हे ओळखणं म्हणजे गणितच. अपूर्णांकांचा गुणाकार, भागाकार, अंदाज, साचत जाणारी चूक, चक्राने फिरणारी संख्या, आलेख, असं सगळं या एका पाढ्यात आहे. सातवीच्या वर्गाला आठवडा पुरणार नाही.

आणि हा पाढा शाळेला परका कधीच नव्हता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी: मराठी शाळांत मुलं अपूर्णांकांचे हे पाढे घोकत होती. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि आणे-शेरांबरोबर हे पाढेही वर्गातून गेले. दशमान पद्धत आली ते चांगलंच झालं. पण समुद्राने दशमान पद्धत घेतली नाही, आणि जिभेनेही. आपण आजही सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच म्हणतो. तोंडात पाव आणि पाऊण, वहीत ०.२५ आणि ०.७५, आणि मधली वाट दाखवायला कोणी नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा महाराष्ट्र केवढा खवळला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाने बोलली जाणारी संख्यानावं लहान मुलांना जड जातात. त्यांच्याशी मतभेद असू शकतो. पण त्या मुलाच्या जिभेचा विचार करत होत्या. संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांपैकी एकानेही पाऊणकी कुठे गेली, असं विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

शाळेत संस्कृती येते ती नारळी पौर्णिमेला. मुलींना लुगडं नेसवायचं, मुलांच्या डोक्यावर टोपी, हातात थर्माकोलची होडी, दोन गाणी, फोटो. दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा सफरचंदांवर. कोणी जास्त उत्साही असेल तर सफरचंदांच्या जागी बोंबील घालतो: पाच बोंबील अधिक तीन बोंबील किती? याने काहीही बदलत नाही. कोळ्यांच्या घरचं गणित बोंबलांत नाही, बोंबील विकणारीच्या डोक्यात आहे. पोशाख वर्गात आणला, हिशेब दाराबाहेर ठेवला.

तो हिशेब बघायचा असेल तर सकाळी बाजारात कोणा मावशीच्या टोपलीपाशी दहा मिनिटं उभे राहा. समजा, बोलीत तिने २४०० ला पाटी उचलली. बर्फ आणि टॅक्सी मिळून ३००. मासळी निवडून तिने एक कोडी, म्हणजे २० वाटे लावले. वाटा २०० ला. कोयता चालू, खवले उडतायत, दोन गिऱ्हाइकं घासाघीस करतायत, आणि चौदावा वाटा गेला की ती शेजारणीला म्हणते, ‘मुद्दल सुटली गो.’ २७०० भागिले २०० म्हणजे साडेतेरा. अर्धा वाटा विकता येत नाही म्हणून चौदा. उरलेले सहा तिच्या हातातला हुकमाचा पत्ता. ऊन चढलं, मासळी नरम पडायला लागली, की तेच वाटे ती १५० ला काढते आणि घरी जाताना हजार रुपये सोडवून जाते. कुठल्या क्षणी भाव उतरवायचा, हे ठरवणारी रीत शाळेच्या पुस्तकात ‘क्ष’ घेऊन येते. २००क्ष = २७००. तिची मुलगी शाळेत हाच ‘क्ष’ बघून घाबरते. ‘क्ष म्हणजे आयसला मुद्दल सुटेपर्यंत विकावे लागणारे वाटे,’ असं एकदा सांगा, आणि मग बघा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ब्राझीलचे गणिती उबिरातान द’अम्ब्रोसिओ यांनी १९८४ साली अ‍ॅडलेडच्या जागतिक गणितशिक्षण परिषदेत लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या गणिताला शाळेत जागा द्या, असं ठणकावून सांगितलं. पुढच्याच वर्षी त्याच देशातल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास आला. रस्त्यावर नारळ, लिंबं विकणारी पाच मुलं. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले, तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच मुलांना तशीच गणितं नुसत्या आकड्यांत घातली. बरोबर उत्तरं ३७ टक्के. मुलं पाचच होती हे खरं, पण त्या संशोधकांच्या गटाने पुढे ब्राझीलच्या मच्छीमारांचाही अभ्यास केला. किलो-भावाचं प्रमाण त्या कमी शिकलेल्या माणसांना उत्तम कळत होतं.

आपल्याकडचा पुरावा तर ताजा आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला; तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. अवघड सौदे डोक्यात सोडवणारी ही मुलं शाळेच्या सोप्या गणितांत अडखळली. आणि बाजार न पाहिलेली शाळकरी मुलं? बाजारातलं जे गणित कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवलं, ते या मुलांपैकी फक्त १ टक्क्याला जमलं. म्हणजे अर्धवट दोघंही आहेत. पहिल्या मुलाला आपण नापास म्हणतो, दुसऱ्याला हुशार म्हणतो, एवढाच फरक. इथे मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, मुंबईच्याच कष्टकरी वस्तीतल्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणितावर कितीतरी आधीच काम झालंय. मानखुर्द ते वरळी अंतर फार नाही. ते काम वर्गापर्यंत पोहोचलेलं दिसत नाही.

एनसीईआरटीने २००८ च्या सुमारास पाचवीच्या गणिताचा पहिलाच धडा मासेमारीवर लिहिला होता. होड्यांचे प्रकार, एका फेरीतली मासळी, बायकांनी मिळून काढलेला सुकटीचा धंदा, सुकल्यावर एक तृतीयांश उरणारं वजन. चांगला धडा होता. पण मराठी माध्यमाच्या पालिका शाळेत बालभारती चालते. ज्या मुलांच्या दारात मासळी सुकते त्यांच्या हाती तो आलाच नाही.

आता एक आक्षेप, आणि तो कोळीवाड्यातूनच येतो. ‘आमच्या पोराला शाळेत पण मासळीच शिकवणार? यातनं बाहेर पडावं म्हणून तर शाळेत घातला.’ ही तक्रार खरी आहे आणि ती बोलणाऱ्या आईबापांच्या पाठीमागे कष्ट आहेत. घरचं गणित शाळेत आणायचं म्हणजे मुलाला घरीच बांधून ठेवायचं, असा अर्थ कोणी काढत असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. मावशीचा हिशेब वीस वाट्यांपर्यंत चालतो. कर्जाचं चक्रवाढ व्याज, विम्याची कलमं, डिझेलच्या परताव्याचे कागद: तिथे तो थकतो. तिथे बीजगणित लागतंच. पाऊणपटीवरून ४८ मिनिटांवर, तिथून समीकरणावर, तिथून आलेखावर मुलाला न्यायचंच आहे. फक्त सुरुवात त्याला ठाऊक असलेल्या जागेवरून करा. ‘नेचर’मधला अभ्यास हेच सांगतो: बाजारातून वहीपर्यंत मूल आपोआप चालत येत नाही. त्याला हात धरून आणावं लागतं.

आणि दोन्ही गणितं यायला हवीत याचा दाखला कोळीवाड्याच्या समोर, पाण्यात उभा आहे. सागरी किनारा रस्त्याचा पूल सागरी सेतूला जोडताना दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. कागदावर ६० मीटर भरपूर दिसतं. क्लीव्हलँड बंदरातून रोज होड्या काढणाऱ्यांना ते भरपूर वाटलं नाही. खांबांभोवती संरक्षक बांधकाम आलं की वाट आणखी अरुंद होणार, वारा आणि लाटा आडव्या असल्या की होडी सरळ रेषेत जात नाही, ती तिरकी सरकत जाते. २०२१-२२ मध्ये त्यांनी समुद्रातलं काम अडवून धरलं. मागणी २०० मीटरची होती. अखेर मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर झालं.

त्या भांडणात एका बाजूला नकाशे, अहवाल आणि सल्लागार होते, दुसऱ्या बाजूला पाण्यावर काढलेलं आयुष्य. कोळ्यांचं म्हणणं गणिताचंच होतं: रुंदी, कोन, वेग, प्रवाह. ते समीकरणात मांडून टेबलावर ठेवणारी दहा पोरं कोळीवाड्याच्या शाळेतूनच तयार झाली असती, तर ते म्हणणं ऐकून घ्यायला काम बंद पाडावं लागलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. पुढचा पूल येईल, पुढचा भराव येईल, पुनर्विकासाचे चटईक्षेत्राचे आकडे येतील. हे सगळे आकडे वाचता येणारी मुलं हवीत, आणि ती मुलं सफरचंदं मोजून घडणार नाहीत.

यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. गणिताच्या बाईंना, सरांना एवढंच सांगणं आहे: येती पंचमी कधी आहे ते कालनिर्णयात बघा. त्या दिवशी सातवीचा वर्ग घेऊन दुपारी साडेतीनला बंदरावर या. कोणा मुलाच्या आजोबांना बोलवा, त्यांना भरतीची वेळ विचारा आणि मुलांना ती वहीत लिहू द्या. मग घड्याळ हातात घेऊन पाणी चढायचं थांबतं कधी ते बघा. फरक किती मिनिटांचा आला ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा, आणि तो फरक का आला, हे मुलांनाच शोधायला सांगा.