पंचवीस हजारांत एक घार

सिंह दिवसाचे जवळजवळ वीस तास लोळून काढतो, ही गोष्ट सहलीच्या रंगीत पत्रकात कुठेच छापलेली नसते. पत्रकातला सिंह सदैव उभा असतो, त्याची आयाळ वाऱ्यावर उडत असते आणि नजर थेट वाचणाऱ्यावर रोखलेली असते. त्या नजरेनेच घात होतो. आपण टांझानियात पोचलो की तिथल्या जनावरांत थोडी तरी खळबळ उडेल, अशी आपली उगीचच समजूत होऊन बसते.

गोरोंगोरोत ही समजूत पहिल्या अर्ध्या तासात उतरते. एक ज्वालामुखी वीस-तीस लाख वर्षांपूर्वी आतल्या आत कोसळला आणि मागे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं मैदान उरलं, चहूबाजूंनी ६०० मीटरचे कडे असलेलं. त्यात साधारण २५,००० मोठी जनावरं राहतात. सकाळी सहापासून गाड्या ओळीने खाली उतरू लागतात आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांनी वर यायचं. मधल्या वेळात रस्ता सोडायचा नाही आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही.

वरच्या कड्यावर धुकं आणि हाडं गोठवणारा गारठा होता. आमच्या लँडक्रूझरमध्ये आम्ही दोघं, ठाण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर काका आणि त्यांच्या काकू. काकांनी माकडटोपीवर सफारी हॅट चढवली होती. बाकी आपादमस्तक खाकी. जनावरांना आपण दिसू नये म्हणून सगळ्यांनी खाकीच घालायची, अशी सूचना होती. आमच्या ह्यांनी दादरहून भाड्याने कॅमेऱ्याचं एक भलंमोठं भिंग आणलं होतं. ते विमानात मांडीवर घ्यावं लागलं होतं.

खाली पहिले भेटले झेब्रे. दोघादोघांनी एकमेकांच्या पाठीवर माना टाकलेल्या, तोंडं विरुद्ध दिशांना. चालक म्हणाला, असं उभं राहिलं की दोघांचं मिळून चारी बाजूंना लक्ष राहतं. त्या चारी बाजूंत आमची गाडी येत नव्हती. रानरेडे दिसले, तेही रवंथ करत आमच्या आरपार बघत होते. एक तरस रस्त्याच्या मधोमध बसलं होतं. गाडी जवळ आल्यावर ते उठलं, दोन पावलं सरकलं आणि परत बसलं. ‘अहो, हॉर्न वाजवायला सांगा ना,’ असं काकू म्हणाल्या. तो वाजवायचा नसतो.

लेराईच्या जंगलात मोठ्या सुळ्यांचे हत्ती होते. सगळे वयस्कर नर. हत्तिणी पिल्लांना घेऊन सहसा या विवरात उतरत नाहीत, असं कळल्यावर काकांनी त्या हत्तींकडे बराच वेळ आदराने पाहिलं.

काकांकडे वही होती. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा, हे ते प्रसिद्ध ‘बिग फाइव्ह’. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच जण शिकाऱ्यालाच संपवू शकतात, ते यात. काकांनी मात्र तिला जमेच्या रकान्याचं रूप दिलं होतं आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ घालून सही करत होते. बिबट्या दिसण्याची शक्यता इथे कमी आहे, असं चालकाने सांगितलं, तेव्हा ते जराही हलले नाहीत. ‘बिबट्या आमच्या येऊरला असतो,’ ते म्हणाले. ‘सोसायटीच्या कॅमेऱ्यातसुद्धा दिसतो. त्याला डॉलर कसले मोजायचे?’

मग रेडिओ खरखरला. चालकाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण गाडी वळली. तिकडे आधीच वीसेक गाड्या उभ्या होत्या. सफारीत सिंह शोधायचा नसतोच, गाड्या शोधायच्या असतात. चालक म्हणाला, ‘तिकडे, गवतात, कान.’ आम्ही चौघांनी दुर्बिणी लावल्या आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी सिंह पाहिले. त्यातले तीन गवताचे होते.

चौथा उठला. आळस दिला. सरळ आमच्या दिशेने चालत आला. गाडीत कुणी श्वास घेईना. ही ती पत्रकातली नजर, असं मला वाटलं. पण तो आमच्याकडे येतच नव्हता, आमच्या सावलीकडे येत होता. विवराच्या मैदानात झाडं कमी, ऊन कडक, त्यामुळे इथल्या सिंहांना गाड्यांच्या सावलीत बसायची सवय आहे. मागच्या चाकाला पाठ लावून तो आडवा झाला आणि मिनिटभरात झोपी गेला.

आम्ही सिंहाच्या इतके जवळ होतो की आम्हाला सिंह दिसेना. छतातून वाकून पाहिलं तर शेपटीचा गोंडा तेवढा दिसे. ह्यांच्या भिंगाला इतक्या जवळचं काही टिपता येत नाही, हे त्या भिंगाने तिथे कळवलं. समोरच्या गाड्यांतली माणसं मात्र आमच्याकडे कॅमेरे रोखून होती. जगातल्या कितीतरी घरांत आज सिंहाच्या फोटोत वरच्या बाजूला माकडटोपी आली असणार.

‘आता?’ काकांनी विचारलं. त्यांनी सकाळी गारठ्यामुळे दोन कप चहा जास्त घेतला होता.

‘सावली सरकली की उठेल,’ चालक म्हणाला. काका सूर्याकडे बघत बसले.

या सक्तीच्या मुक्कामात चालकाने सिंहांची कुळकथा सांगितली. १९६२ साली इथे फार पाऊस झाला आणि चावऱ्या माश्यांचा असा सुळसुळाट झाला की चाव्यांनी सिंह हैराण होऊन मेले. साठ-सत्तरांतले जेमतेम दहा उरले. पुढे बाहेरून सात नर आले आणि मग कित्येक वर्षं बाहेरचं जवळजवळ कुणीच टिकलं नाही. इथले नर टोळ्या करून नव्याला हाकलून लावतात आणि भोवती माणसांची वस्ती वाढलेली, त्यामुळे येणाराही क्वचितच. परिणामी आजचे सगळे सिंह त्या मूठभरांचीच लेकरं, म्हणजे एकमेकांचे चुलत, आते, मावस आणि बहुधा तिन्ही.

काकूंनी दिवसभरात पहिल्यांदाच दुर्बीण खाली ठेवली. ‘म्हणजे बाहेरचं स्थळच येत नाही?’

नाही, चालक म्हणाला. आणि हे सिंहांच्या प्रकृतीला चांगलं नाही.

‘नसणारच,’ काकू म्हणाल्या. ‘आमच्याकडे सगोत्र चालत नाही ते उगीच नाही. पण सेरेंगेटी इथून जवळच ना? मध्यस्थी करणारं कुणी नाही का?’ याचं उत्तर म्वेका इथल्या वन्यजीव महाविद्यालयात शिकवत नसावेत. पुढचा अर्धा तास काकूंनी चाकाशी झोपलेल्याच्या आई-वडिलांची चौकशी केली. त्याला सावलीने अखेर दगा दिला, तो उठला आणि पुढच्या गाडीखाली गेला. तिथल्या लोकांचा आनंद बघवत नव्हता.

जेवायला गोइतोकितोकच्या तळ्याकाठी थांबलो. पाणघोडे पाण्यात होते आणि पाठी फिरवून होते. काका सर्वांत आधी उतरले आणि कुणाशीही न बोलता शौचालयाच्या दिशेने गेले. खाणं गाडीत बसूनच खा, वर घारी आहेत, असं चालकाने बजावलं. पण तळ्याकाठी येऊन गाडीत काय जेवायचं, असं काकूंचं मत. हॉटेलच्या डब्यात उकडलेलं अंडं, केळं आणि गार झालेला बटाटा होता. काकूंनी स्वतःच्या पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, एक हातात घेतली, आणि कानाशेजारी काहीतरी सप्पकन गेलं. पुरी नव्हती. बोटं शाबूत होती. घार तळ्यावर पोचली होती.

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. तो घाबरलेला नव्हता. ‘अंडी सोडून पुरी नेली,’ त्या म्हणाल्या आणि दुसरी पुरी उंच धरून उभ्या राहिल्या. चालकाने त्यांना हाताला धरून गाडीत आणलं. काकांनी वहीत घारीसाठी नवा रकाना आखला.

राहिला काळा गेंडा. तो परतीच्या वाटेवर सापडला, पण रस्त्यापासून दूर, आणि रस्ता तर सोडायचा नाही. उन्हाच्या झळांमधून क्षितिजाजवळ एक करडा ठिपका थरथरत होता. चालक म्हणाला गेंडा, म्हणून गेंडा. काकांनी सही केली. ह्यांच्या भिंगाचा अखेर उद्धार झाला. त्यांनी त्या ठिपक्याचे शंभरावर फोटो काढले, आणि लेराईचा चढ चढताना त्यांतले चांगले निवडत बसले, म्हणजे ज्यात ठिपका मोठा आहे ते.

रात्री हॉटेलवर नेट मिळाल्याबरोबर त्यांनी त्यातला एक घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘काळा गेंडा, गोरोंगोरो’. वन्सं म्हणाल्या, दगड छान आहे. ह्यांच्या आतेभावाने विचारलं, गेंडा कुठाय? ह्यांनी ठिपक्याभोवती लाल गोल काढून फोटो पुन्हा पाठवला. गोल अगदी सुबक आलाय, असं आत्याबाईंनी लगेच कळवलं.