घट

सराफानं अंगठी उजेडाकडे धरून फिरवली आणि विचारलं, "मोडनी शे का, ताई?"

मला हसू फुटलं. गेलं वर्षभर शिंदखेड्यात हे एकच क्रियापद माझ्या मागे फिरत होतं. मोडलं म्हणे. कोणाचं? मास्तरीणबाईंचं. इथे पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल नव्हतं, चार ग्रॅम सोन्याबद्दल होतं. विचारणाऱ्याच्या आवाजातही काही भाव नव्हता. भाव मागच्या पाटीवर लिहिलेला होता.

नवरा-बायको वेगळे व्हायचे म्हटले, की आपल्या भाषेला काहीतरी मोडल्या-फोडल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्वी काडी मोडायचे, तो काडीमोड. कोर्टाच्या कागदावर मातीचा घट फुटतो, तो घटस्फोट. काडी चुलीत जाते, खापऱ्या उकिरड्यावर. अंगठीनं कुठे जायचं ते कुणीच सांगून ठेवलेलं नाही.

मंगळसूत्राचा प्रश्न आईनं परस्पर सोडवला; ते कपाटात गेलं आणि किल्ली तिच्या कमरेला. जोडवी चांदीची, त्यांची कुणी चौकशीच केली नाही. राहिली साखरपुड्यातली अंगठी. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सप्तपदीबद्दल बोलतो. सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. अंगठीचं त्यात नावही नाही. परस्परसंमतीनं वेगळं व्हायची सोय या कायद्यात १९७६ साली आली आणि सोबत सहा महिने विचार करायची मुदतही. ती मुदत संपल्यावर मी कोर्टातून सुटले. अंगठीतून सुटायला साबण लागला.

बोटावर पांढरा पट्टा राहिला. या बोटाला अनामिका म्हणतात, म्हणजे बिननावाची. चौदा वर्षं कुणाचं तरी नाव वागवून बिचारी पुन्हा मूळपदावर आली.

मग सल्ले सुरू झाले. वहिनी म्हणाली, परत करून टाका, नसती कटकट. वकीलबाई म्हणाल्या, मुळीच नाही. लग्नात बाईला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. सुप्रीम कोर्टानं १९८५ साली प्रतिभा राणींच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. भाऊ म्हणाला, जळगावला ने, आता भाव चांगला आहे. मावशीचा मार्ग धार्मिक: मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर जायचं, हात जोडायचे, सोडून द्यायची. मला एकदम शकुंतला आठवली. तिची अंगठी अशीच तीर्थाच्या पाण्यात पडली, माशानं गिळली, कोळ्याला सापडली आणि विसरलेल्या नवऱ्याला सगळं आठवलं. म्हटलं, मावशी, आमच्याकडे दोघांनाही सगळं नीट आठवतंय, म्हणून तर वेगळे झालो. माशाला कशाला मध्ये घालायचं?

आई तेवढी गप्प होती. दादर ज्वारी निवडता निवडता शेवटी म्हणाली, "घाल ना मंग. सोनं शे ते, नवरा थोडाच शे!"

सराफानं अंगठी काट्यावर ठेवली. चार पूर्णांक शून्य पाच शून्य. मी जुनी पावती पुढे केली. चार पूर्णांक एक पाच शून्य.

"शंभर मिलिग्रॅम घट शे," तो म्हणाला. त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट. मी मात्र त्या शब्दाशी अडखळले. वर्षभर ज्याचा स्फोट ऐकत होते तो घट वेगळा, हा वेगळा. हा फुटत नाही. हा नुसता कमी होत जातो, आवाज न करता. खरं सांगायचं तर आमच्या घरातही स्फोट असा कधी झालाच नव्हता.

व्हिएन्नाच्या गेओर्ग श्टाइनहाउजर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं लग्नानंतर वर्षभर दर आठवड्याला स्वतःच्या अंगठीचं वजन केलं होतं. २००८ साली त्यानं हिशेब छापला: साडेपाच ग्रॅमच्या अंगठीतून वर्षाला सुमारे सहा मिलिग्रॅम सोनं झिजतं. बागकाम केलं, वाळूत हात घातला, की जास्त. नव्या नवऱ्यानं दर आठवड्याला अंगठी काढून तोलावी आणि बायकोनं ते चालवून घ्यावं, याचंच मला जास्त कौतुक वाटलं. माझा काटा त्याच्या हिशेबाच्या जरा पुढे गेला, पण त्यानं राखेनं भांडी कुठे घासली होती?

शंभर मिलिग्रॅम गेलं कुठे? थोडं मोरीतून, थोडं कळण्याच्या भाकरीतून सगळ्यांच्या पोटात. थोडं फळ्यावरच्या खडूच्या भुकटीत, थोडं लेकीच्या तेल लावलेल्या केसांत. सराफाच्या दुकानातला केर झारेकरी नेतो आणि धुऊन त्यातलं सोनं काढतो. माझ्या चौदा वर्षांचा केर कुठल्या झारेकऱ्याला द्यायचा? आणि त्यानं काढून दिलंच, तर ते परत मागायचं कुणाकडे? ज्यांच्या अंगी लागायचं त्यांच्या अंगी लागलं. सगळे परकेही नव्हते. त्यात मीही होते.

"मंग, मोडू का?"

"नको. आजच्या वजनाची चिठ्ठी तेवढी द्या."

त्यानं मुकाट्यानं चिठ्ठी लिहिली. वजन करून सोनं परत नेणारी गिऱ्हाइकं त्याला नवी नसावीत.

उजव्या हाताच्या करंगळीत अंगठी बरोबर बसली. संध्याकाळी भाकरी करायला घेतल्या तर नक्षीत पीठ अडकलं. टाचणीनं कोरून काढलं. पिठाबरोबर थोडं सोनंही गेलं असेल. जाऊ दे. भाकरी आईला आणि मलाच खायची होती.