सॅल्मनकर

मोशीपासून रावेतपर्यंत आणि पिंपळे सौदागरपासून चिखलीपर्यंत जितक्या म्हणून सोसायट्या आहेत, त्या प्रत्येकीत एक तरी सॅल्मनकर असतो. दारावरच्या पाटीवर पाटील, कुलकर्णी, गायकवाड असं काहीही असो. तो चाकणच्या एखाद्या मोटारींच्या कारखान्यात क्वालिटीला असतो, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि कधीतरी सहा-आठ महिने जर्मनीला डेप्युटेशनवर जाऊन आलेला असतो. जाण्याआधी तो मिसळीवर दोनदा तर्री मागून घेणारा सरळ माणूस होता. परत आला तो रात्रीच्या जेवणाला ‘लाइट’ हे विशेषण लावतच.

यात त्याचा दोष थोडा, भूगोलाचा जास्त. मर्सिडीज १९९४ साली भारतात आली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी ३१ मार्चला फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचं उद्‌घाटन झालं. ज्या गावाचं नाव कांद्याच्या लिलावासाठी घेतलं जायचं, तिथल्या पोरांच्या तोंडी स्टुटगार्ट आणि वोल्फ्सबुर्ग बसलं. सॅल्मनकराचा तिकडचा पहिला महिना घरून नेलेल्या मेतकूट-भातावर निघाला. मग एका संध्याकाळी त्यानं दुकानातून काटे काढलेला गुलाबी तुकडा आणला, मीठ चोळलं, लिंबाच्या चकत्या ठेवल्या, वर हिरवं काहीतरी भुरभुरलं आणि ओव्हनमध्ये सारला. वाटण नाही, फोडणी नाही, खोबरं खवणं नाही. पंधरा मिनिटांत जेवण तयार, आणि ते चक्क खाण्यासारखं! आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हातचं खाऊन त्याचं पोट भरलं. त्याच संध्याकाळनं त्याचा घात केला.

खरं सांगायचं तर पदार्थ चांगला आहे. सॅल्मन तेलकट मासा, त्याला आंबट हवंच. आपण बांगड्याला कोकम लावतो ते काही वेगळ्या कारणानं नाही. खाली संत्र्याच्या चकत्या, वर लिंबू, मीठ, मिरी, चमचाभर तेल, २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. रात्री साडेआठला चाकणहून घरी पोचणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं जेवण सापडणार नाही. पण सोपी गोष्ट सोपी राहिली तर क्वालिटीवाल्यानं करायचं काय?

मुळात सॅल्मनला वार मिळत नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा. गुरुवार दत्ताचा, शिवाय भोसरी-पिंपरी पट्ट्याची औद्योगिक सुट्टी गुरुवारची, म्हणून देखभाल-दुरुस्तीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. म्हणजे गुरुवारी श्रद्धा आणि महावितरण दोघांचाही विरोध. चिंचवडला मोरया गोसावी, त्यामुळे चतुर्थी पाळायचीच. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू, मग एकादशीचं बोलायलाच नको. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा फ्रीझरचं दार उघडायलासुद्धा तो कचरतो. मग श्रावण. उरलेल्या बुधवार-शुक्रवार-रविवारांपैकी एखाद्या दिवशी ऑडिट नसलं, तर नॉर्वेच्या समुद्रातल्या जाळीत वाढून विमानानं आलेला तो तुकडा बर्फातून बाहेर निघतो.

निघतो तो थेट बाल्कनीत. कारण सॅल्मनकराची आई माळकरी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मासा येणार नाही हा घरचा कायदा. म्हणून ओव्हन वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि त्याच्या जाळ्या, चिमटे, ताटल्या सगळं वेगळं. आई हॉलमधून काचेपलीकडे बघत विचारते, “अरे, हा मासा आहे की गाजर?” सॅल्मनकर उत्साहानं सांगू लागतो, की शेतीतल्या सॅल्मनचा हा रंग त्याच्या खाद्यातल्या अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, ते दिलं नाही तर मांस राखाडी दिसतं. मासा न खाणाऱ्या आईला हे ऐकून बरं वाटतं. खाणाऱ्या पाहुण्यांची भूक मात्र मरते.

बायको मालवणची. तिची अडचण वेगळी. “अहो, याचं डोकं कुठाय?” हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. कल्ले उघडून लालपणा बघितल्याशिवाय तिनं आजवर मासा घेतलेला नाही. डोकं नसलेल्या माशावर विश्वास ठेवायचा कसा? किलोला दोन-अडीच हजार मोजून बिनडोक मासा आणणाऱ्या माणसाबद्दल तिचं जे मत आहे, ते ती सासूबाईंसमोर बोलून दाखवत नाही. पिंपरी कॅम्पातला कोळी तिच्यापेक्षा व्यवहारी. तो रावस पुढे करतो आणि म्हणतो, “साहेब, हा इंडियन सॅल्मन.” त्यावर सॅल्मनकर त्याला रावसाचं कूळ वेगळं, सॅल्मनशी नातं नाही, हे दहा मिनिटं समजावतो. मागे रांग लागते. कोळी ऐकून घेतो आणि शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाला तोच रावस तेच सांगून विकतो.

आता प्रत्यक्ष कृती. ओव्हनच्या खटक्यावर २०० लिहिलेलं असलं तरी सॅल्मनकराचा त्यावर विश्वास नाही. तो थर्मोकपल आणतो. त्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, पुढच्या तारखेसकट. फ्रिजवर कंट्रोल प्लॅन चिकटवलेला असतो: जाडी एक इंच, मिठाचं प्रमाण, चकत्यांची संख्या, तपासणीची जागा. अमेरिकन सरकारचं म्हणणं, माशाच्या गाभ्याचं तापमान ६३ अंशांपर्यंत जाऊ द्या. चांगले आचारी पन्नाशी ओलांडली की बाहेर काढतात. सॅल्मनकर या दोन आकड्यांच्या मध्ये रात्रभर टॉलरन्स शोधू शकतो. किसायला लिंबाचं साल लागतं, आणि आपल्या कागदी लिंबाचं साल नावाप्रमाणेच पातळ. दोनदा घासलं की खालचा पांढरा कडू भाग निघतो. “ईडलिंबू घे की बाळा,” आई हॉलमधून सुचवते. सल्ला अचूक, पण कंट्रोल प्लॅनमध्ये ईडलिंबू नाही. भाजीच्या टोपलीत शेपूची ताजी जुडी पडलेली असते, तरी तो जर्मनीहून आणलेल्या बरणीतलाच वाळका शेपू घालतो, कारण मंजूर झालेला पुरवठादार तोच.

एकदा माशावर पांढरे ठिपके आले. मासा जास्त तापला की प्रथिनं अशी बाहेर येऊन गोठतात, खायला काही अपाय नाही. पण सॅल्मनकर डिफेक्ट म्हटल्यावर पाच वेळा ‘का’ विचारणार. ठिपके का? मासा जास्त तापला. का? टायमर ऐकू आला नाही. का? फोन चालू होता. का? सेकंड शिफ्टला लाइन थांबली होती. का? व्हेंडरचा टेम्पो तळेगाव चौकात अडकला होता. मूळ कारण सापडलं. त्यावर उपाय राज्य सरकारलाही सापडलेला नाही, म्हणून त्यानं ते प्रकरण ‘ओपन’ ठेवलं.

घरात त्याला दाद मिळत नाही. मुलगा मॅगी खातो, बायको बांगडा. खरी दाद मिळाली ती भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडून. माणूस खेड तालुक्यातला, मटणाशिवाय दुसऱ्या कशाला मांसाहार न मानणारा. बिलाच्या कामासाठी आला आणि बाल्कनीत अडकला. ओव्हनमध्ये डोकावून म्हणाला, “साहेब, मागचा कोपरा जास्त तापतोय. जॉब फिरवा.” जॉब फिरवला. मग बाहेर काढल्यावरही गाभा दोन-तीन अंश चढतो, तर आधीच काढायला हवा, यावर दोघांची चर्चा रंगली. मासा थंड झाला. तासाभरानं पाहुण्यानं एक घास खाल्ला, चवीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि म्हणाला, “एकसारखी हीट पाहिजे तर आमच्याकडे या. गिअरचं टेम्परिंग दोनशेवरच चालतं. प्लस-मायनस पाच, चार्टसकट देतो.”

सॅल्मनकराचे डोळे चमकले. शुक्रवार ठरला, सेकंड शिफ्ट संपायच्या आधी. जाळी कुणाची, तेलाचा वास लागेल का, बारा मिनिटांसाठी भट्टीचं दार किती वेळा उघडायचं, सगळं बोलून झालं. चपला घालताना पाहुणा थांबला.

“पण साहेब, जॉब कार्डवर काय लिहू?”

“लिहा, एक नग. गुलाबी. कडकपणा तपासायचा नाही.”