आप्पांची आवस, आंबोलीचा पाऊस

कोल्हापूर जिल्ह्यातली सत्तरीपुढची निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली, की तो "पेरण्या उरकल्या हुत्या" किंवा "थोरली म्हैस व्याली, त्याच्या मागनं चार दिसांनी" असं सांगायचा. मास्तर शांतपणे १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमचे सासरे, म्हणजे आप्पा, त्याच पिढीतले. १ जूनला त्यांना बँकेच्या शुभेच्छा येतात, विमा कंपनीच्या येतात. पाटबंधारे खात्यातून ते ३१ मेला निवृत्त झाले तेही मास्तरांच्याच कृपेने.

त्यामुळे पंचाहत्तरी १ जूनलाच करायचं ठरत होतं. तेवढ्यात आप्पांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे आत्या, भिंतीला टेकल्या टेकल्या बोलल्या, "ह्यो दिव्याच्या आवसंला झालाय. मी परसात समया घासत हुतो. आतनं रडं ऐकू आलं, तशी राखंच्या हातानंच पळालो."

ऐंशी ओलांडलेल्या बाईने राखेच्या हाताची साक्ष काढल्यावर शाळेच्या दाखल्याची काय टाप! पंचांग काढलं. आषाढ अमावास्या रविवारी येत होती. सगळ्यांना सुट्टी होती. सगळे खूश झाले, फक्त दोन्ही मेहुणे गप्प बसले.

त्यांचं दुःख समजून घ्यायला हवं. दिव्याची अमावास्या आणि गटारी ही एकाच तिथीची दोन नावं. त्या दिवशी एका घरात समया घासतात, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, आणि मग मटणाचा वास घ्यायलाही गणपती होईपर्यंत थांबावं लागतं. आजवर हे बरं चाललं होतं. माळकरी आप्पा दिव्यांची पूजा करून लवकर झोपत, आणि मेहुणे 'मित्राकडं जाऊन येतो' म्हणत. आता मात्र त्या रात्री बापाच्या समोर मांडी घालून पुरणपोळी खायची होती.

"आप्पा, सरकारी कागदच खरा मानायचा असतो," थोरल्या मेहुण्यांनी एक प्रयत्न केला.

"पेन्शनपुरता," आप्पा म्हणाले.

आंबोलीची कल्पना माझ्या बायकोची. ती पुण्यात राहते, त्यामुळे माहेरच्या माणसांना निसर्गाची गरज आहे असं तिला वाटतं. "आप्पांना छान धुक्यात, पावसात न्यायचं," ती म्हणाली. आप्पांनी उभी नोकरी पाऊस मोजण्यात काढलेली. आटपाडीपासून राधानगरीपर्यंत जिथे बदली होईल तिथे सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी हजर. सासूबाईंनी कल्पना ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "जन्मभर भिजायचा पगार घेतला. आता पैसे भरून भिजायचं व्हय?"

तरीही सतरा आसनांची टेंपो ट्रॅव्हलर ठरली. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती फूट' विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ला धोका. आम्ही निघालो तेव्हा नदी इशाऱ्याच्या बरीच खाली होती, पण धाकटे मेहुणे दर दहा मिनिटांनी मोबाइल बघून आकडा सांगत होते. पाणी वाढलं तर परत फिरता येईल आणि घरीच बेत करता येईल, ही आशा त्यांनी उत्तूरपर्यंत सोडली नाही.

आषाढ असल्यामुळे तळण भरपूर होतं. कापण्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या निपाणीच्या आतच सुटल्या. आजऱ्याला गाडी थांबवावी लागली, कारण आजऱ्याचा घनसाळ भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे आणि वहिनींना तो इथूनच घ्यायचा होता. आपल्याकडच्या कुठल्याही कौटुंबिक सहलीत धान्य खरेदी झाल्याशिवाय निसर्गदर्शनाला सुरुवात होत नाही. दहा किलोची पिशवी मागच्या सीटवर माझ्या मांडीशेजारी बसली. जावई असल्यामुळे मला खिडकी मिळाली होती, पण आजऱ्याच्या पुढे खिडकीबाहेर काही उरलंच नाही.

म्हणजे धुकं. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास सातशे मीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. अरबी समुद्रावरून आलेला ढग कोकणपट्टी ओलांडून इथे धडकतो, आणि मग पुढे जायची त्याची काही घाई नसते. वर्षाचा सरासरी पाऊस सात हजार मिलिमीटरच्या पुढे.

"आटपाडीला वर्षाकाठी पाचशेच्या आतच," आप्पा म्हणाले. "म्हणजे आटपाडीचं चौदा वर्षांचं पाणी हितं एका वर्षात."

आत्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आणि बघायला कायबी न्हाई."

त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही. महादेवगड पॉइंटला उतरलो. पुढे पांढरं होतं. हवा स्वच्छ असली की इथून खालचं कोकण आणि पार समुद्र दिसतो, असं मक्याचं कणीस भाजणारा सांगत होता. त्याने निखाऱ्यावरचा पंखा उचलून समुद्राची दिशाही दाखवली, आणि आम्ही सगळ्यांनी माना वळवून त्या दिशेचं पांढरं बघितलं. बायकोने पाटीशेजारी उभं करून सगळ्यांचा फोटो काढला. तिथून दुसऱ्या पॉइंटला गेलो, तिथेही पांढरं होतं, फक्त पाटी वेगळी. दोन पॉइंटनंतर आमच्या लक्षात आलं, की धुक्यातल्या पर्यटनाचा सगळा भार पाटीवर असतो. पाटी नसती तर आम्ही एकाच ठिकाणी दोनदा उतरलो, हा आत्यांचा आरोप खोडता आला नसता. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेले, तसा मुंबईच्या चुलत मेहुण्यांचा प्रश्न आला: "कुणाच्या बाथरूममध्ये आहात?"

कावळेसादला मात्र वाऱ्याने जरा कृपा केली. दरीचा पडदा घटकाभर सरकला. कड्यावरून खाली झेपावलेलं पाणी अर्ध्यातच थबकत होतं, आणि दरीतून उसळून येणारा वारा त्याचा फवारा करून आमच्याच तोंडावर परत आणून टाकत होता. पोरं किंचाळत होती. छत्र्या उलट्या झाल्या. सासूबाईंनी पदर दातात धरला. आप्पा मात्र कठड्याला धरून, कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"आवडलं नाही का आप्पा?" मी विचारलं.

"तसं न्हवं, जावईबापू. पडलेलं पाणी परत वर जायला लागलंय, आणि पुन्यांदा पडतंय. आता हे एकदा मोजायचं का दोनदा?"

मी पाटबंधारे खात्यात नसल्यामुळे उत्तर देऊ शकलो नाही.

हिरण्यकेशीला आप्पांचा चेहरा खुलला. तिथे गुहेतून पाणी येतं, समोर कुंड, वर महादेव. ही नदी इथे उगम पावते आणि समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर असताना पाठ फिरवून पूर्वेला निघते. पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. आप्पांनी हा सगळा पत्ता धरणांच्या नावांसकट सांगितला. आत्यांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "लेकीला लांब दिल्यागत दिलीय की हिला."

कुंडापाशी एका माहीतगार तरुणाने आणखी एक गोष्ट सांगितली. या पाण्यात एक बोटभरही नसलेला मासा सापडतो. २०२० साली तो शास्त्राला नवी असलेली जात म्हणून जाहीर झाला आणि 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं त्याचं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी सरकारने ही जागा जैविक वारसास्थळ ठरवली. सगळ्यांनी कौतुकाने पाण्यात डोकावलं. धाकटे मेहुणे सगळ्यात जास्त वेळ डोकावत राहिले. अमावास्येची संध्याकाळ जवळ येत होती. "एवढासाच असतोय व्हय?" असं ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून त्यांना जैवविविधतेची चिंता नसावी.

मुक्कामाच्या जागी पोचलो तेव्हा तिथे श्रावणाचं स्वागत जोरात सुरू होतं. शेजारच्या खोल्यांत पोरांचा एक मोठा कंपू उतरला होता. व्हरांड्यात स्पीकर दणदणत होता, आणि कोंबडीच्या रश्श्याचा वास आमच्या खोल्यांपर्यंत न बोलावता आला होता. थोरले मेहुणे डोळे मिटून बसले. सासूबाईंना वाटलं, त्यांना घाट लागला.

आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. एवढ्या पावसात येऊन तो न मोजता परत जाणं त्यांना पटेना. त्यांनी भांडी मागवली. पातेलं नाकारलं, कारण वर रुंद. तांब्या नाकारला, कारण मध्ये फुगलेला. शेवटी कापण्यांचा रिकामा स्टीलचा डबा त्यांनी हातात घेऊन फिरवला.

"तोंड आणि बूड सारखं पाहिजे," ते नातवंडांना सांगू लागले. "मग डबा केवढा का असंना, पट्टीवर जेवढं मिलिमीटर पाणी, तेवढाच पाऊस. झाडाखाली ठेवायचा न्हाई, पागोळीखाली ठेवायचा न्हाई. जमिनीपासनं फूटभर वर, म्हणजे चिखलाचं पाणी उडून आत येणार न्हाई."

बरोबर साडेपाचला ते घोंगडं पांघरून, छत्री न घेता, समोरच्या हिरवळीच्या मधोमध गेले. खाली चार विटा रचल्या, वर डबा ठेवला, तो कलंडू नये म्हणून भोवती दगड लावले. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी आभाळाकडे बघितलं.

अंधार पडला आणि वीज गेली. स्पीकर बंद झाला. आमच्या व्हरांड्यात सासूबाईंनी कोल्हापुरातून उकडून आणलेले दिवे मांडले: कणीक आणि गुळाचे, तुपाच्या वातीचे, बरोबर पंचाहत्तर. वारा एक वात विझवायचा, तोवर वहिनी दुसरी लावायच्या. मधोमध पाटावर आप्पा बसले, टोपी घालून. सगळ्या सुना-लेकी ओळीने औक्षण करू लागल्या. दर दहा मिनिटांनी आप्पा मधूनच उठत, घोंगडं घेऊन अंधारात हिरवळीवर जात, डब्यावर बॅटरी मारून काहीतरी पुटपुटत परत येत.

पलीकडच्या व्हरांड्यातून हे सगळं दिसत होतं. अमावास्येची रात्र, दाट धुकं, ओळीने पेटलेले कणकेचे दिवे, आणि दगडांच्या रिंगणात ठेवलेल्या डब्यापाशी घोंगडं पांघरून पुटपुटणारा म्हातारा. तिकडची कुजबुज आधी वाढली, मग एकदम थांबली. थोड्या वेळाने त्यातला एक धिप्पाड गडी, अनवाणी, हात जोडून आमच्या पायरीपाशी आला. बाकीचे त्याच्या पाठीमागे.

"आजोबा," तो म्हणाला, "कुणावर करायलाय?"

"काय?"

"करणी."

आत्या इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पोरांना बसायला सांगितलं आणि पर्जन्यमापनाचा पूर्ण पाठ दिला. आटपाडीत आभाळाकडे बघत वहीत शून्य कसं लिहायचं आणि राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपोआप कसे उघडतात, तेही सांगितलं. पोरांची उतरत चालली होती. मग सासूबाईंनी विझलेले दिवे तूप घालून ताटल्यांत दिले. गटारीला आलेल्या त्या मंडळींनी कणकेचे गोड दिवे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले, आणि आप्पांसाठी 'हॅपी बड्डे'ही म्हटलं. सूर सगळ्यांचे वेगवेगळे होते, भाव मात्र एक. या देवाणघेवाणीत दोन्ही मेहुणे ताटल्या परत पोचवायला म्हणून पलीकडे गेले आणि बऱ्याच वेळाने आले. येताना ते वेलदोडा चघळत होते. कोणी काही विचारलं नाही. आप्पांनी तर मुद्दामच विचारलं नसावं.

पाऊस रात्रभर पत्र्यावर आपटत होता. किती मिलिमीटर पडेल यावर पोरांनी पैजा लावल्या, आणि आमची नातवंडंही त्यात सामील झाली.

सकाळी साडेआठला सगळा रिसॉर्ट हिरवळीवर होता. मॅनेजर होता, स्वयंपाकी होता. आप्पांनी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली. डब्यात उभी धरली, वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. कोणी खोकलंसुद्धा नाही.

"एकशे बेचाळीस," आप्पा म्हणाले. "पंधरा तासांचं. अपुरी नोंद."

जिंकलेल्याने उडी मारली, हरलेल्यांनी वाद घातला. आप्पांनी खिशातली छोटी वही काढून आकडा लिहिला. मग टोपण न लावताच त्यांनी त्या धिप्पाड गड्याकडे बघितलं. तो डोकं धरून विटांवर बसला होता.

"आमचं मोजून झालं," आप्पा म्हणाले. "काल तुमचं किती?"

त्याने मान खाली घातली. "सांडव्यावरनं गेलं, आजोबा."

आप्पांनी तेही लिहून घेतलं.