शेजारच्या टपरीपुढची गाडी

हेव्याला राजधानी द्यायचीच झाली, तर पन्हाळ्याचा दावा भक्कम आहे. 1710 मध्ये ताराबाईंनी इथे मुलाच्या नावाने वेगळी गादी मांडली. 1714 मध्ये सवत राजसबाईंनी त्याच गादीवर आपला मुलगा बसवला आणि ताराबाईंना लेकासह कैदेत टाकलं. इतिहासकार याला सत्तांतर म्हणतात. घरोघरी याला काय म्हणतात ते सांगायला नको.

आता गडावर गादी नाही, झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. पुण्याची गाडी शेजारच्या टपरीपुढे थांबली की इकडची भाकरी करपते, आणि दोष जाळाचा नसतो. अंबानींचा हेवा इथे कुणी करत नाही. बायबलमधली दहावी आज्ञा हे पुरतं ओळखून आहे. ती राजवाड्याचं नावही काढत नाही. शेजाऱ्याचं घर, त्याचा बैल, त्याचं गाढव यांचा लोभ धरू नको, असं मोजून सांगते. चोरी केली तर बोभाटा होतो. ही आज्ञा मोडलेली मात्र शेजाऱ्यालाही कळत नाही, म्हणून ती रविवारी पहिल्या बाकावर बसूनही मोडता येते.

1852 साली रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं. तेव्हापासून या भागात समाधानावर प्रवचनांचा तुटवडा नसावा. त्यातला नेहमीचा उतारा असा: आपल्याहून गरिबाकडे बघा आणि देवाचे आभार माना. मला हा कधीच पटला नाही. तोही हेवाच, फक्त उताराला लागलेला. उद्या त्या गरिबाच्या पोराला नोकरी लागली की तुमचं समाधान संपलं!

पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून पत्र लिहिलं. आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलोय, हे त्याचं म्हणणं आपण कॅलेंडरवर छापतो. शिकलोय म्हणतो, म्हणजे उपजत नव्हतं. पण त्याच पत्राचा पहिला अध्याय कुणी छापत नाही. पौल बेड्यांत असताना काही प्रचारक निव्वळ हेव्यापोटी, त्याला डिवचायला, प्रचार करत हिंडत होते. त्यावर पौल काय म्हणतो? हेतू काही असो, ख्रिस्ताचं नाव पोचतंय ना, मग मला आनंदच आहे. चौथ्या अध्यायातलं समाधान या पहिल्या अध्यायात कमावलेलं आहे. आपण शाळेत न जाता दाखला मागतो.

आपल्याकडे शेजारच्या मंडळीत गर्दी वाढल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘जेवण देतात काय?’ दुसरा प्रश्न, ‘पैसा कुठनं येतोय?’ तिसऱ्याला कमिटीची बैठकच लागते.

तर पाळकसाहेब, येत्या रविवारी सूचनांच्या वेळी त्या शेजारच्या मंडळीच्या संजीवन सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण आपल्या पुलपिटावरून जाहीर करा. आणि हो, स्वतः वाचा. सेक्रेटरीवर ढकलू नका.